.४५ चं ठासणीचं पिस्तूल: नवशिक्यासाठी कसं आहे आणि सोबत काय लागतं

ठासणीच्या पिस्तुलाने, म्हणजे बंदुकीची दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायच्या पिस्तुलाने, नेमबाजी सुरू करायची असेल तर पहिलं पिस्तूल एका बाराचं, टोपीवर (ठोक्याने पेटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीवर) उडणारं आणि .४५ कॅलिबरचं (नळीचं भोक .४५ इंच) घ्या, हे माझं मत आधीच सांगून टाकतो. मी वापरतोय ते जुन्या अमेरिकन केंटकी पिस्तुलाच्या धर्तीवर बनवलेलं नवीन पिस्तूल आहे. अष्टकोनी नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पितळी ट्रिगर गार्ड, उजव्या बाजूला लॉक (घोडा आणि स्प्रिंगचं यंत्र) आणि नळीखाली गोळी ठासायचा बारीक लाकडी गज. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जवळपास असंच पिस्तूल बऱ्याच कंपन्या काढतात आणि मी जे सांगणारे ते त्या सगळ्यांना कमीजास्त लागू पडतं. पिस्तूल मला मनापासून आवडलंय. सोबत जो 'स्टार्टर किट' म्हणून डबा मिळतो त्याबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही, आणि नवीन माणूस नेमका तिथेच अडकतो, पिस्तूल चांगलं असून गोळ्या कुठेही जातात, गज अडकतो, टोप्या फुटतात पण बार उडत नाही, मग वैतागून ते कपाटात जाऊन पडतं. म्हणून या रिव्ह्यूत पिस्तुलापेक्षा भरायच्या सामानाबद्दल जास्त लिहिलंय.

कायद्याचं एकदाच बोलून घेतो. काही देशांत अशी पिस्तुलं बऱ्यापैकी सहज मिळतात, काही ठिकाणी त्यांना बाकीच्या बंदुकांसारखाच परवाना लागतो, आणि दारू घरात ठेवायचे नियम तर बहुतेक ठिकाणी वेगळेच असतात. ते सगळं विकत घ्यायच्या आधी बघा. रेंजवाल्यांनाही आधीच विचारा, कारण धुरामुळे बऱ्याच बंदिस्त रेंजवर काळी दारू चालवून घेत नाहीत, उघडी रेंजच लागते.

चकमकीचं घ्यावं की टोपीचं हा प्रश्न सगळेच विचारतात. दिसायला चकमकीचं भारीच असतं, शंकाच नाही. दगड पोलादावर घासतो, ठिणग्या पॅनमधल्या (लॉकवरच्या छोट्या वाटीतल्या) बारीक दारूवर पडतात, ती पेटते आणि कानातून (नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून) आग नळीत जाते. पण यात सांभाळायचं किती ते बघा, दगडाची धार, दगड धरणारं चामडं, समोरचं पोलाद पुरेसं कडक आहे का, पॅनमध्ये दारू किती, कान मोकळा आहे का, हवेत ओल आहे का. यातलं एक जरी बिघडलं तरी पॅनमध्ये नुसता भडका होतो आणि आतला बार तसाच राहतो. शिवाय डोळ्यापासून वीतभर अंतरावर भडका होत असताना हात न हलवता नेम धरून ठेवणं सुरुवातीला फार कमी लोकांना जमतं. हा भडका नको म्हणूनच तर अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने ठोक्याने पेटणाऱ्या फल्मिनेटची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं, त्याला पाखरांच्या शिकारीचा नाद होता आणि पॅन पेटलेला दिसला की पाखरं बार सुटायच्या आत उडून जायची. त्यातूनच पुढे १८२० च्या दशकात तांब्याची छोटी टोपी वापरात आली, तीच आजही आपण निपलवर (आग नळीत नेणाऱ्या पोकळ खुंटीवर) बसवतो. चकमकीकडे नंतर जरूर वळा, पण भरणं हाताला बसल्यावर.

दुसरा मोह म्हणजे रिव्हॉल्व्हर, कोल्टच्या १८५१ नेव्हीसारखं. तेही मस्त आहे, पण तिथे एकाच वेळी पाच-सहा बार भरलेले असतात. प्रत्येक खणात गोळी इतकी घट्ट हवी की बसवताना कडेने शिशाची बारीक कडी सोलून निघाली पाहिजे, गोळीवर ग्रीस किंवा खाली तेलकट वॉड (नमद्याची चकती) हवा, टोप्या घट्ट हव्यात, नाहीतर एका खणाची आग शेजारच्या खणात शिरून दोन बार एकदम उडू शकतात. फुटलेल्या टोपीचे तुकडे यंत्रात अडकतात ते वेगळंच. एका बाराच्या पिस्तुलात जे काही चुकेल ते एकाच बारापुरतं असतं आणि काय चुकलं ते लगेच कळतं, शिकायला याहून बरं काही नाही.

आता पिस्तूल. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे तोंडाकडचं वजन. अष्टकोनी नळी जाड असते त्यामुळे एका हाताने धरलं की नळी खाली ओढते, पण हेच वजन नेम धरताना उपयोगी पडतं, थरथर कमी दिसते. दस्ता खाली वळत गेलेला आहे, आधुनिक पिस्तुलासारखा भरीव नाही, त्यामुळे घट्ट आवळलं तर प्रत्येक वेळी पकड बदलते, सैलसर पण सारखं धरलं तर बरोबर बसतं. बार उडाल्यावर झटका बसत नाही, मऊ धक्का येतो आणि नळी वर उठते. लाकूड आणि धातूची बसवणी या दर्जाच्या पिस्तुलाला शोभेल अशी आहे, लॉकच्या कडेने एका जागी लाकूड जरा जास्त कोरलंय तेवढं सोडलं तर.

तक्रारी दोन. पहिली, चाप जड आहे. ओढताना सुरुवातीला काही जाणवत नाही आणि सुटायच्या आधी असा अडतो की माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) बाजूला सरकते. हे गनस्मिथकडून करून घ्या, घरी कानस घेऊन बसू नका, कारण ज्या दातावर घोडा पूर्ण चढतो त्याच्याच शेजारी अर्ध्या चढाईची खाच आहे आणि टोपी बसवताना तुमची सगळी सुरक्षा त्या खाचेवर असते. दुसरी तक्रार, नळीच्या तोंडाशी रायफलिंगच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) कडा नवीन असताना फार धारदार होत्या, गोळीभोवतीचं कापड कापलं जायचं. हे बऱ्याच नवीन नळ्यांत असतं आणि वापरता वापरता बरंच कमी होतं, माझंही झालं. लॉक मात्र दणकट आहे, स्प्रिंग जोरदार, घोड्याचं तोंड खोलगट असल्यामुळे फुटलेल्या टोपीचे तुकडे बऱ्यापैकी आतच राहतात. बऱ्यापैकी म्हणतोय, पूर्ण नाही, त्यामुळे डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हे न चुकता, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही.

दारूबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण इथे गैरसमज खूप आहेत. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही जुनी काळी दारू दाण्याच्या आकारावरून विकली जाते आणि डब्यावर एफ अक्षरं असतात, जितके एफ जास्त तितका दाणा बारीक आणि जळायला चपळ. टू एफ मोठ्या रायफली आणि मस्केटसाठी, फोर एफ फक्त चकमकीच्या पॅनसाठी, आपल्या पिस्तुलाला थ्री एफ. स्विस, गोएक्स, श्युट्झेन अशी नावं दिसतील, यातली कुठलीही घेतली तरी एकच धरून ठेवा, डबा बदलला की नेम बदलतो. खरी काळी दारू मिळत नसेल तर पायरोडेक्स किंवा ट्रिपल सेव्हन अशा पर्यायी पावडरी आहेत, टोपीच्या पिस्तुलात त्या चालतात. फक्त त्या वजनावर नाही तर मापाच्या भांड्याने आकारमानावर मोजायच्या असतात, आणि ट्रिपल सेव्हन जास्त जोरदार असल्यामुळे काळ्या दारूच्या मापापेक्षा साधारण १५ टक्के कमी घ्यावी लागते. आधुनिक काडतुसात असते ती बिनधुराची पावडर मात्र या पिस्तुलात कधीही, चिमूटभरही, मिसळूनही नाही. तिचा दाब इतका वेगळ्या पातळीवर चढतो की नळी फुटते आणि सोबत हात जातो. घरी दोन्ही प्रकार ठेवत असाल तर भरायच्या टेबलावर दुसरा डबा येताच कामा नये.

माप ग्रेनमध्ये असतं, ७००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे एक ग्रेन साधारण ०.०६५ ग्रॅम. मी २० ग्रेनपासून सुरुवात केली आणि थोडं थोडं वाढवत २५ वर थांबलो, म्हणजे जेमतेम १.६ ग्रॅम दारू. पंचवीस मीटरवर कागदाला भोक पाडायला एवढी रग्गड होते, त्याच्यावर गेलं की फक्त धूर, धक्का आणि खर्च वाढतो, गोळ्या एकत्र पडत नाहीत. तुमच्या पिस्तुलाच्या पुस्तिकेत कमाल मर्यादा दिलेली असते, तिच्या खालीच खेळा.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: दारू डब्यातून किंवा शिंगातून (दारू ठेवायच्या शिंगाच्या भांड्यातून) सरळ नळीत ओतायची नाही. आधी शिंगातून मापात, शिंग बंद करून बाजूला, मग मापातून नळीत. आधीच्या बाराचा एखादा धगधगता कण आत राहिला असेल आणि दारू पेटलीच तर १.६ ग्रॅम पेटेल, हातातलं अख्खं शिंग नाही. याच कारणाने दोन बारांमध्ये घाई करायची नाही आणि भरताना चेहरा नळीच्या तोंडावर आणायचा नाही.

आता गोळी आणि कापड. सगळा नेम इथे ठरतो, पिस्तूल कितीही भारी असलं तरी. .४५ च्या नळीला .४४० इंचाची गोल गोळी लागते, मऊ शुद्ध शिशाची, वजन साधारण १२८ ग्रेन म्हणजे आठ-सव्वाआठ ग्रॅम. शिसं मऊ आहे का हे नखाने ओरखडा काढून कळतं, नखाचा चर स्पष्ट उमटला पाहिजे. गोळी नळीपेक्षा लहान असते आणि मधली फट तेल लावलेलं कापड भरून काढतं, तेच रायफलिंगमध्ये रुततं आणि गोळीला फिरकी देतं. म्हणजे रायफलिंगचा आणि शिशाचा थेट संबंध फारसा येतच नाही, सगळं काम कापडाकडे. किटमध्ये जे आधीच कापलेले गोल तुकडे मिळाले ते पातळ आणि विरळ विणीचे होते, गोळी बोटाने ढकलली तरी आत जायची आणि कागदावर छिद्रं ताटभर पसरायची. मी घट्ट विणीचं सुती कापड आणलं, दाबून मोजल्यावर .०१५ इंच म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर भरेल असं, आणि बाकी काहीही न बदलता त्याच पिस्तुलातून त्याच दारूवर छिद्रं तळहाताएवढ्या जागेत आली. कापड सुती किंवा लिननच हवं, सिंथेटिक धागा असेल तर तो वितळून नळीला चिकटतो. नवीन कापड असेल तर खळ जाईपर्यंत आधी धुऊन घ्या.

तेलाचं पण तसंच. मधमाशांचं मेण आणि प्राण्यांची चरबी यांचं मिश्रण, किंवा बाजारातलं काळ्या दारूसाठी म्हणून विकलं जाणारं नैसर्गिक लुब चांगलं. पेट्रोलियमचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल वापरलं तर काळ्या दारूच्या काजळीत मिसळून डांबरासारखं घट्ट होतं आणि पुढच्या दोन-चार बारांनंतर गोळी अर्ध्यात अडकते. जुने लोक नुसती थुंकी लावतात, लगेच उडवायचं असेल तर तीही चालते, भरून ठेवायचं असेल तर नाही.

भरण्याचा क्रम असा. पिस्तूल तोंड वर करून उभं, टोपी नाही. मापाने दारू नळीत, नळीला बाजूने हलकेच दोन टिचक्या म्हणजे दारू खाली बसते. तोंडावर तेलकट कापड, त्यावर गोळी, गोळीला ओतकामाचा चपटा ठिपका असेल तर तो बरोबर वरच्या बाजूला. मग शॉर्ट स्टार्टर (एक बुटकी आणि एक लांब खुंटी असलेलं छोटं हत्यार) घेऊन त्याच्या बुटक्या खुंटीने गोळी तोंडात, लांब खुंटीने थोडी खाली, आणि मग गजाने एका दमात खाली, थांबत थांबत नाही. गज नेहमी नळीच्या तोंडाजवळ धरून, हात वर सरकवत पण सलग ढकलायचा. नळीखालचा लाकडी गज दिसायला छान आहे पण तो शोभेपुरता ठेवा. वरून धरून जोर लावला की लाकूड तिरकं चिरतं आणि चिरलेलं टोक सरळ तळव्यात घुसतं, अशा जखमा फार वाईट असतात. पितळेचा किंवा फायबरचा जाड गज वेगळा घ्या, त्याला नळीला घासू नये म्हणून प्लास्टिकची चकती असते.

गोळी दारूवर टेकली पाहिजे. पूर्ण टेकली पाहिजे. गोळी आणि दारूमध्ये मोकळी जागा राहिली तर दाब भलत्याच ठिकाणी चढतो आणि नळी फुगते किंवा फुटते. हे डोळ्यांना दिसत नाही म्हणून गजावर खुणा करायच्या: रिकाम्या नळीत गज तळाला टेकवून तोंडाशी एक रेघ, आणि आपल्या ठरलेल्या बारावर गोळी बसल्यावर दुसरी रेघ. यापुढे प्रत्येक वेळी गोळी बसवल्यावर दुसरी रेघ तोंडाशी आली की नाही हे बघायचं. रेघ वर राहिली तर गोळी अडकलीये, खाली गेली तर दारू कमी पडलीये किंवा घातलेलीच नाही. इतकी साधी खूण आहे पण किटच्या कागदात तिच्याबद्दल एक ओळही नव्हती, याचं मला खरंच वाईट वाटलं. सुरुवात करणाऱ्याला हीच गोष्ट आधी सांगायला हवी.

दाबताना सारखाच दाब द्या. एकदा नुसती टेकवली, एकदा खच्चून ठासली असं केलं की दारू जळण्यात फरक पडतो आणि तो कागदावर दिसतो.

टोपी शेवटी, आणि ती फायरिंग लाइनवर, नळी निशाणाकडे असताना, घोडा अर्ध्या चढाईवर ठेवून. निपलला बहुतेक वेळा ११ नंबरची टोपी लागते पण निपलनिपलमध्ये फरक असतो, कुठे १० नंबरची बरोबर बसते. सैल टोपी पडते किंवा उडून जाते. घट्ट टोपी अर्धीच बसते, मग घोड्याचा पहिला ठोका ती खाली बसवण्यातच जातो आणि बार होत नाही, नवीन लोक याला 'टोप्या खराब आहेत' म्हणतात. माझ्या पिस्तुलाचा मूळ निपल असाच किंचित जाड होता, वेगळा चांगला निपल घेतल्यावर प्रश्न मिटला. निपलच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा नाहीतर पुढच्या वेळी पाना लावूनही हलत नाही. आणि दिवसाची सुरुवात करताना, दारू भरायच्या आधी, नुसत्या टोप्या एक-दोन उडवून घ्या, नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरून. पातं हललं म्हणजे वाट मोकळी. साठवणुकीचं तेल निपलमध्ये राहिलं असेल तर पहिला बार हमखास फुसका जातो.

बार झाला नाही तर काय? नळी निशाणाकडेच ठेवायची आणि थांबायचं, किमान एक मिनिट, मनातल्या मनात नाही तर घड्याळात बघून. कधीकधी आत दारू धुमसत असते आणि उशिराने उडते. मग नवीन टोपी लावून परत. तरीही नाही झालं तर निपलमध्ये बारीक तार घालून वाट साफ करायची, पुन्हा टोपी. दारू न घालताच गोळी ठासली हे तर प्रत्येक रेंजवर कुणा ना कुणाचं चालूच असतं. त्यावर उपाय सोपा आहे, निपल काढून त्या भोकातून थोडी थ्री एफ दारू आत सारायची, निपल परत लावायचा, गोळी गजाने नीट टेकवायची आणि सुरक्षित दिशेला उडवायची. सीओटूच्या छोट्या सिलिंडरवर चालणारा डिस्चार्जर मिळतो, त्याने गोळी हवेच्या दाबाने बाहेर येते. ते करतानाही नळी सुरक्षित दिशेलाच, कारण गोळी चांगलीच जोरात निघते. रेंजवर सतत येत असाल तर तो डिस्चार्जर घेऊन ठेवा.

उडवतानाची मजा शब्दात सांगणं अवघड आहे. चाप सुटतो, टोपीचा टचकन आवाज, आणि त्याला लागूनच खोल धुम्म. समोर पांढरा धूर, वारा नसेल तर निशाण काही क्षण दिसतच नाही. टोपी आणि बार यांच्यामध्ये अगदी किंचित वेळ जातो, आधुनिक पिस्तुलापेक्षा जास्त, आणि तेवढ्यात हात ढिला सोडला तर गोळी खाली जाते. त्यामुळे चाप ओढल्यावरही माशी खाचेत धरून ठेवायची, धूर दिसेपर्यंत. ज्यांनी हे शिकून घेतलं त्यांची आधुनिक पिस्तुलाची नेमबाजी पण सुधारलेली मी बघितलीये.

रेंज थांबली आणि पुढे जायची परवानगी मिळाली की उडालेली कापडं गोळा करा, ती काही पावलांवर पडलेली असतात. चांगलं कापड कसं दिसतं ते सांगतो: मध्ये गोळीच्या बुडाची करडी-काळी चकती, तिच्या भोवती सारख्या अंतरावर रायफलिंगचे ठसे, बाहेरची कड थोडी विस्कटलेली आणि कापड एवढं धड की पुन्हा वापरता येईल असं वाटावं. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे, तेल कमी आहे किंवा दारू जास्त. ठशांच्या रेघेवर सरळ चिरा असतील तर नळीच्या तोंडाची कड कापतेय. निशाणाचा कागद फक्त गोळी कुठे गेली ते सांगतो, का गेली ते या चिंध्या सांगतात, म्हणून मी त्या आधी बघतो.

तीन-चार बारांनंतर गज जड जायला लागतो. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग घन काजळी म्हणून उरतो, धूर म्हणजे तोच, आणि बाकीचा नळीत. म्हणून दर बारानंतर एक ओलसर कापड आणि मग एक कोरडं कापड फिरवायचं. ओलसर म्हणजे ओलं नाही, पाणी तळाशी साचलं तर पुढची दारू भिजते. यात वेळ जातो पण स्पर्धांमध्येही तेवढा वेळ देतातच, एमएलएआयसी या ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत कुखेनरॉयटर नावाचा टोपीच्या पिस्तुलाचा प्रकार आहे, २५ मीटरवर ३० मिनिटांत १३ बार, त्यातले चांगले १० धरतात. म्हणजे एका बाराला सव्वादोन मिनिटांच्या आसपास. सुरुवातीला याच चालीने जा, अर्धा तास कसा गेला कळत नाही.

साफसफाई त्याच दिवशी, संध्याकाळी, उद्यावर नाही. काजळीतले क्षार हवेतली ओल खेचतात आणि एका रात्रीत नळी गंजायला लागते. यासाठी महागडी सोल्युशन्स लागत नाहीत, कोमट पाणी आणि दोन थेंब भांडी घासायचा साबण पुरतो. माझ्या पिस्तुलाची नळी दस्त्याला पिनांनी बसवलेली आहे, ती दरवेळी काढली तर लाकडातली भोकं सैल होतील, म्हणून निपल काढून त्याच्या जागी रबरी नळी जोडायचा अडॅप्टर लावतो, दुसरं टोक पाण्याच्या भांड्यात, आणि वरून जॅगवर (गजाच्या टोकाला लावायच्या, कापड धरणाऱ्या तुकड्यावर) कापड घट्ट बसवून पंपासारखं वर-खाली करतो. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो, गंधकाचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग कोरडी कापडं, कापड कोरडंच बाहेर येईपर्यंत, मग तेलाचं कापड. निपल, घोड्याचं तोंड आणि लॉकच्या बाहेरची बाजू विसरू नका. दुसऱ्या दिवशी परत एक कापड फिरवून बघा, तांबूस डाग आला तर पुन्हा धुवा. शिसं हाताळलेलं असतं त्यामुळे हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

नेमाचं. पिस्तूल नवीन असताना गोळ्या खाली आणि थोड्या डावीकडे जात होत्या, हे बहुधा मुद्दाम असतं, माशी उंच ठेवतात म्हणजे घेणाऱ्याला घासून आपल्या बाराला जुळवता येते. माशी घासली की गोळी वर जाते, पण घासलेला धातू परत येत नाही म्हणून आधी बार पक्का करा, कापड पक्कं करा, आणि मगच कानशीचे एक-दोन हात, उडवून बघा, परत. डावी-उजवी चूक असेल तर मागची खाच डव्हटेलमध्ये (ती बसवलेल्या आडव्या खोबणीत) सरकवायची, गोळी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला.

किटमधलं काय ठेवलं आणि काय काढलं ते सांगतो. पितळी माप चांगलं, ठेवलं. शॉर्ट स्टार्टर ठीक. निपलचा पाना पहिल्याच जोरात गोल झाला, बदलला. कापडं काढली. लुबची डबी संपेपर्यंत वापरली. गोळ्यांची डबी चांगली होती. टोपी लावायचं कॅपर किटमध्ये नव्हतंच आणि जाड बोटांनी टोपी लावणं वैतागाचं काम आहे, ते घ्याच. थोडक्यात किट घेण्यापेक्षा पिस्तूल वेगळं आणि सामान सुटं घेतलेलं परवडतं.

पिस्तुलाला पाचपैकी चार, चापामुळे एक कापला. किटला दोन, तेही मापासाठी आणि गोळ्यांसाठी. ज्यांना पटपट बार काढायचेत त्यांना हे पिस्तूल आवडणार नाही. ज्यांना एकेका बारावर डोकं लावायला आवडतं त्यांनी डोळे झाकून घ्यावं.

जुनं, वापरलेलं घेत असाल तर आणखी एक काम करा. हातात आल्या आल्या, काहीही बघायच्या आधी, घोड्याखाली टोपी नाही ना ते बघा आणि मग गज नळीत सोडून तोंडाशी बोटाने खूण धरा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. टोक निपलच्या जवळपास पोचत असेल तर नळी रिकामी. दोन-तीन सेंटिमीटर आधीच थांबत असेल तर आत कुणीतरी भरून ठेवलेला बार आहे असंच धरायचं. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते, त्यामुळे अशा वेळी पिस्तूल तसंच गनस्मिथकडे न्यायचं, बाकीची तपासणी त्यानंतर.